आईकडून लेकीकडे, आणि उलटही

सकाळी उठल्या उठल्या बोटं वळत नाहीत. कणीक मळायची तर तासभर थांबावं लागतं, फडकं पिळता येत नाही, एरवी सहज चढणारी बांगडी आता मुठीच्या हाडांपाशीच अडते. तपासण्या होतात आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असं निदान होतं. आपल्याकडे पुष्कळदा त्यालाच आमवात म्हणतात. मग गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे विचारायच्या आधीच बाई विचारते, "डॉक्टर, माझ्या मुलीला तर होणार नाही ना?"

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, बहुतेक नाही. पण हे 'बहुतेक' जरा उकलून पाहिलं की जे दिसतं, ते थक्क करणारं आहे.

आधी आकडे. पुणे जिल्ह्यातलं भिगवण आपल्याला उजनीच्या फुगवट्यावरच्या रोहित पक्ष्यांमुळे ठाऊक. संधिवाताच्या अभ्यासकांना मात्र ते वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. ऱ्हुमॅटॉइडचं प्रमाण प्रौढांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. जगातही ते साधारण अर्धा ते एक टक्का आहे. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलांचा धोका अंदाजे तिप्पट होतो. तिप्पट म्हटलं की धस्स होतं खरं, पण अर्ध्या-एकाची तिप्पट म्हणजे शंभरात दोन-तीन. उरलेल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांची बोटं शाबूत राहतात.

म्हणजे जनुकांचा संबंध फारसा नाही? थांबा, जुळ्यांना विचारू. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं अक्षरन् अक्षर सारखी असतात. १९९३ साली ब्रिटनमध्ये अशा जोड्या तपासल्या. एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निघालं सुमारे १५ टक्के. दोन बीजांच्या जुळ्यांमध्ये तेच जेमतेम ४ टक्क्यांच्या खाली. १५ आणि ४ मधला फरक सांगतो की जनुकांचा हात नक्की आहे. आणि शंभरातले उरलेले ८५? तेही त्याच जनुकांचे, एकाच पोटात वाढलेले, एकाच ताटातलं जेवलेले, तरी धडधाकट! मग आई-वडिलांकडून नेमकं येतं तरी काय?

येतो तो एक द्रोण. आपल्या काही पेशींचं कामच असं, की हाती लागेल त्या प्रथिनाचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पृष्ठभागावर आणून टी-पेशींपुढे धरायचा. ज्यात धरायचा तो एचएलए नावाचा रेणू. त्याला तळ आहे, दोन्ही बाजूंना उभ्या कडा आहेत, मध्ये खळगा आहे. टी-पेशी येतात, द्रोणात डोकावतात. घरचाच तुकडा असेल तर पुढे जातात, परका वाटला तर आरोळी ठोकतात. मात्र जो तुकडा द्रोणात बसतच नाही, तो कुणाच्या नजरेलाच पडत नाही. द्रोणाची घडण सहाव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते, एक प्रत आईची, एक वडिलांची.

१९७८ साली अमेरिकेत पीटर स्टास्टनी यांना दिसलं, की ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांमध्ये एका विशिष्ट घडणीचा द्रोण फार वेळा आढळतो. पण तो नसलेले रुग्णही होतेच. ते कोडं १९८७ मध्ये पीटर ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी सोडवलं. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या अनेक द्रोणांच्या कडेला ७० ते ७४ या जागांवर पाच अमिनो आम्लांची जवळजवळ तीच ओळ होती. अब्जावधी अक्षरांच्या पोथीत पाच अक्षरांची ओळ! पुढे शंभराहून अधिक जनुकीय जागांचा या आजाराशी संबंध सापडला, पण त्यांतल्या बहुतेकांचं वजन नाममात्र. शिवाय युरोपात ठळक असलेला एक बदल पूर्व आशियात जवळजवळ सापडतच नाही. ही पाच अक्षरं मात्र मोठ्या मानाची.

या पाच अक्षरांनी काय बिघडतं? त्यांच्यामुळे खळग्याचा एक कोपरा धनभारित होतो. आपल्या प्रथिनांमधलं आर्जिनिन हे अमिनो आम्लही धनभारित. धन धनाला ढकलतं, आर्जिनिनवाला तुकडा तिथे टिकत नाही. सगळं सुखरूप. आता शरीरातलं एक एन्झाइम येतं आणि आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. वजनातला फरक जवळपास एका हायड्रोजनच्या अणूएवढा. पण भार गेलेला असतो! कालपर्यंत ढकलला जाणारा तुकडा आज चपखल बसतो, टी-पेशी डोकावतात, आपलंच प्रथिन त्यांना परकं वाटतं, आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. (हे सिट्रुलिन पहिल्यांदा जपानमध्ये कलिंगडाच्या रसातून वेगळं केलं गेलं. कलिंगड खुशाल खा. फळातलं सुटं सिट्रुलिन आणि प्रथिनात जागच्या जागी बनलेलं सिट्रुलिन यांचा या भांडणात काही संबंध नाही.)

हे बदललेले तुकडे मुबलक कुठे तयार होतात? जिथे पेशी सतत त्रासलेल्या असतात तिथे. धूर ओढणाऱ्याच्या फुप्फुसात, दगडाची बारीक धूळ बसलेल्या फुप्फुसात. सुजलेल्या हिरड्यांतही, कारण तिथल्या एका जिवाणूकडे हे काम करणारं स्वतःचं एन्झाइमच आहे. स्वीडनमधल्या २००६ सालच्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांच्याकडे त्या पाच अक्षरांच्या दोन्ही प्रती आहेत आणि जे सिगरेट ओढतात, त्यांना सिट्रुलिनविरोधी प्रतिपिंडांच्या संधिवाताचा धोका २१ पट होता. तुलना अर्थात दोन्ही नसलेल्यांशी. वारशाने आलेला द्रोण आणि स्वतः ओढलेला धूर यांची गाठ पडावी लागते. अर्थात धूर ही एकच वाट नव्हे. या आजारात पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायका सापडतात, आणि आपल्याकडच्या त्यांतल्या कितीतरी जणींनी जन्मात बिडीला हात लावलेला नसतो. शिवाय ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं नसतातच, अशा रुग्णांची गोष्ट निराळी आहे.

बरं, ही गाठ पडते कधी? सांधा सुजतो त्या दिवशी? ॲमस्टरडॅमच्या रक्तपेढीत रक्तदात्यांचे जुने नमुने गोठवून ठेवलेले होते. पुढे ऱ्हुमॅटॉइड झालेल्या ७९ दात्यांचे नमुने संशोधकांनी काढून तपासले. जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात दुखणं सुरू व्हायच्या आधीच प्रतिपिंडं हजर होती. साधारण साडेचार वर्षं आधी, काहींमध्ये तर तेरा वर्षांहून आधी! ठणठणीत माणूस रक्तदान करून चहा-बिस्किट खाऊन घरी गेला, आणि त्याच्या पिशवीत उद्याचा संधिवात लिहिलेला होता. ही उसंत वापरता येईल का, हेही करून पाहिलंय. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या चाचणीत अशा उंबरठ्यावरच्या लोकांना वर्षभर अबाटासेप्ट हे औषध दिलं. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ६ टक्क्यांना आजार झाला, औषधाविना २९ टक्क्यांना. औषध थांबल्यावर हे अंतर कमी झालं, म्हणजे आजार टळला नाही, लांबला. तरीही आईला हा आजार आहे आणि मुलीची बोटं रोज सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली राहतात, असं काही आठवडे चाललं तर संधिवाततज्ज्ञाकडे लवकर जाण्याला अर्थ आहे, तो यामुळेच.

इथवर वारसा सरळ खाली वाहत होता. आता तो वळतो.

मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी १९३० च्या दशकात एक जुनं निरीक्षण नेटाने लावून धरलं. गरोदरपणात पुष्कळ बायकांचा संधिवात आपोआप शमतो. त्या धाग्याने ते पुढे कॉर्टिसोनपर्यंत पोचले आणि १९५० चं नोबेल मिळालं. पण संधिवात शमत का होता? १९९३ मध्ये सिएटलच्या ली नेल्सन यांच्या गटाने आई आणि बाळ यांचे द्रोण ताडून पाहिले. ज्या ३४ गरोदरपणांत आराम पडला, त्यांतल्या २६ मध्ये बाळाचे द्रोण आईपेक्षा वेगळे, म्हणजे वडिलांच्या वळणाचे होते. आराम न पडलेल्या १२ मध्ये असे फक्त ३. पुढच्या सगळ्या अभ्यासांत चित्र इतकं स्वच्छ आलं नाही, पण एक दार उघडलं.

कारण वार ही बंद भिंत नाही. तिच्यातून बाळाच्या मोजक्या पेशी आईत जातात, आईच्या बाळात येतात, आणि त्या तिथेच मुक्काम ठोकतात. मुलगा होऊन सत्तावीस वर्षं झालेल्या एका बाईच्या रक्तात पुरुष-पेशी सापडल्या आहेत! आता हे पाहा. त्याच ७० ते ७४ या जागांवर पाच अक्षरांची एक दुसरी ओळही असते, आणि ती संधिवातापासून वाचवते. समजा आईकडे ती आहे, पण लेकीला मिळाली आईची दुसरी प्रत. मग लेक कोरडीच राहायला हवी. पण २००७ साली लायडनच्या संशोधकांना आढळलं, की अशा मुलांनाही संरक्षण मिळतं. जे जनुक त्यांच्यात आलंच नाही, त्याचं! वडिलांनी न दिलेल्या ओळीचा असा काहीच उपयोग दिसला नाही. पोटात असताना आलेल्या आईच्या चार पेशींनी बाळाच्या प्रतिकारयंत्रणेला शिकवून ठेवलं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

आणि २००९ मध्ये नेल्सन यांच्याच गटाने याची उलटी बाजूही दाखवली. आजार आहे, पण स्वतःच्या जनुकांत ती धोक्याची ओळ नाही, अशा बायकांच्या रक्तात ती ओळ असलेल्या दुसऱ्याच कुणाच्या पेशी निघाल्या. निरोगी बायकांच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळा. त्या पेशींनीच वणवा पेटवला की त्या नुसत्या साक्षीला होत्या, हे या मोजणीतून ठरत नाही. पण त्या आल्या कुठून? जिला मूल झालेलं नाही, तिच्यात आईच्या राहिलेल्या असू शकतात. जिला मूल आहे, तिच्यात मुलाच्या, आणि मुलाला ती ओळ मिळाली असणार वडिलांकडून. संधिवात सासरहून आला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण फार मोठ्या अतिशयोक्तीचं नाही.