पालकत्व कोणाचे?

केनियाने २००३ साली प्राथमिक शाळांतील फी माफ केली; परंतु तेवढ्याने खेड्यातील अंध वा कर्णबधिर मुलाची अडचण सुटली नाही. त्याची शाळा दूर असते, त्यामुळे वसतिगृहाचा व प्रवासाचा खर्च उरतोच. काही परदेशी दाते अशा मुलांचे शैक्षणिक पालकत्व स्वीकारतात, हे स्तुत्यच होय. मात्र दात्याने हात आखडता घेताच शिक्षण अर्ध्यावर तुटते.

कर्णबधिर अमेरिकी शिक्षक अँड्र्यू फॉस्टर यांनी १९५७ मध्ये घानात शाळा काढली आणि पुढे आफ्रिकेत कर्णबधिर शिक्षकही घडविले. असे कार्य दात्यामागेही टिकते. म्हणून देणगी वसतिगृहाला व शिक्षक-प्रशिक्षणाला द्यावी. कायमच्या खर्चाची तरतूद मात्र शासनानेच अंदाजपत्रकात करावी. हक्काचे शिक्षण कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये.