शेवटचे दहा रोजे : ईद उजाडण्याआधी हिशेब मिटवा

मार्च महिन्यात वसमत किंवा कळमनुरी तालुक्यातल्या कोणत्याही शिवारातून पहाटे फेरी मारा. आखाड्याआखाड्यावर हळद शिजवण्याच्या कुकरची वाफ दिसते. ओल्या हळदीचा वास नाकात भरतो. त्याच वेळी गावातल्या मशिदीतून सहेरी संपत आल्याची हाक येते. कुकरजवळचा एखादा गडी घाईघाईने भाकरीचा शेवटचा घास घेतो आणि वर तांब्याभर पाणी पितो. आता सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि दिवसभर उभं राहायचं ते वाफेपाशीच!

हिजरी वर्ष चांद्र असल्याने सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ साली ईद ११ एप्रिलला झाली, तर २०२५ साली ३१ मार्चला, म्हणजे गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात सध्या रमजान आणि हळदीची सुगी हातात हात घालून येतात. महिन्याचे शेवटचे दहा दिवस तर ऐन धांदलीचे. या दहा दिवसांचं सोनं कसं करावं, हा प्रश्न रोजा धरणाऱ्याचा आहेच, पण तो साऱ्या गावाचाही आहे.

दहा दिवस का मोलाचे?

रमजानचे तीन भाग मानतात. प्रत्येक दहा दिवसांच्या भागाला ‘अशरा’ म्हणतात. शेवटच्या अशऱ्यात २१, २३, २५, २७ आणि २९ या विषम रात्रींपैकी एखादी रात्र शब-ए-कद्र असते, अशी श्रद्धा आहे. या रात्रीची इबादत हजार महिन्यांहून, म्हणजे त्र्याऐंशी वर्षांहून अधिक मोलाची मानली जाते. आपल्याकडे सत्ताविसावी रात्र सर्वत्र पाळतात. गावकारभाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते. म्हणून सव्विसावा रोजा सुटला की जी रात्र लागते, तीच सत्ताविसावी.

विसाव्या रोजाच्या सूर्यास्तापासून ईदचा चाँद दिसेपर्यंत काही जण मशिदीतच मुक्काम करतात. त्याला एतेकाफ म्हणतात. वस्तीतला एक जण जरी बसला तरी साऱ्या वस्तीचे कर्तव्य पार पडते. लहान गावात पंधरा-वीस उंबरे असतात आणि प्रत्येकाची हळद उघड्यावर वाळत असते. तेव्हा कोण बसणार हे विसाव्या रोजाची वाट न पाहता आधीच ठरवा. जो बसेल त्याची जनावरं आणि पाण्याची पाळी शेजाऱ्याने सांभाळावी. आषाढीला कोणी पंढरीला निघाला की आपण त्याचे बैल सांभाळतोच ना? नरसी नामदेवच्या या मुलुखात ही रीत कोणाला शिकवायला नको.

फितरा बाजाराच्या आधी द्या

आता मुद्द्याचं बोलू. ईदच्या नमाजाआधी फितरा गरिबाच्या हाती पडला पाहिजे. ऐपत असलेल्या घरधन्याने स्वतःचा आणि आपल्या लहान लेकरांचा फितरा द्यायचा असतो. बहुतेक घरांत तो सर्व माणसांचा एकत्रच काढतात. गव्हाचा हिशेब माणशी साधारण पावणेदोन किलो धरतात. नेमकं प्रमाण आणि त्याची रक्कम मशिदीतून जाहीर होते. घरात सात माणसं असली तर सव्वाबारा किलो गहू झाला. ऐपतीची अशी वीस घरं असली तर जवळजवळ अडीच क्विंटल! एका गावातल्या गरजूंसाठी हे धान्य थोडं नाही.

पण होतं काय? चाँद दिसला की धावपळ सुरू होते आणि फितऱ्याचे पैसे ईदच्या सकाळी, नमाजाला जाता जाता दिले जातात. देणारा मोकळा होतो. घेणारीचं काय? आठवडी बाजार तीन दिवसांपूर्वीच होऊन गेलेला असतो. शिंपी शेवटच्या आठवड्यात नवं कापड घ्यायला तयार नसतो. ईदच्या सकाळी हातात आलेल्या नोटेचा शिरखुर्मा होत नाही आणि लेकराच्या अंगावर सदराही चढत नाही. ज्या कामासाठी फितरा सांगितला आहे, ते कामच राहून जातं.

म्हणून एवढं करा. फितरा रमजानमध्ये आधीही देता येतो. ईदच्या आधीचा शेवटचा आठवडी बाजार कोणत्या वारी आहे ते पाहा आणि त्याच्या आदल्या दिवशी फितरा पोचवा. मशिदीच्या कमिटीने गरजू घरांची यादी विसाव्या रोजापर्यंत तयार ठेवावी. यादी मशिदीत वाचू नये. मदत घरी नेऊन द्यावी, तीही अंधार पडल्यावर. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हेही देण्यातच आलं.

जकात : तोळ्याची गफलत टाळा

वर्षभर टिकलेल्या शिलकीवर अडीच टक्के जकात असते. लाख रुपये शिल्लक असतील तर अडीच हजार. शेतजमीन, राहतं घर, औताचे बैल, ट्रॅक्टर यांच्या किमतीवर जकात नाही. रोख रक्कम, सोनं-चांदी आणि व्यापाऱ्याच्या गोदामातला विक्रीचा माल यांवर ती लागते. कर्ज किती वजा करायचं, हे आपल्या मौलवींना विचारून घ्या. पीककर्ज, सोसायटी आणि हातउसने यांचा हिशेब वेगवेगळा पडू शकतो.

किमान मर्यादा साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगतात. इथं पुष्कळांची गफलत होते. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. म्हणून सोन्याची मर्यादा ८७.४८ ग्रॅम आणि चांदीची ६१२.३६ ग्रॅम धरावी. आजच्या सराफी तोळ्यात चांदी साडेबावन्न नव्हे, एकसष्ट तोळ्यांच्या वर जाते. थोडं सोनं आणि थोडी रोकड असं मिसळून असेल तर बहुतेक मौलवी चांदीच्या किमतीने हिशेब करायला सांगतात.

जकात गरीब भावाला, बहिणीला, आत्याला, मावशीला देता येते. आईवडील, आजीआजोबा, मुलं-नातवंडं आणि नवरा-बायको यांना नाही. त्यांना सांभाळणं हे तसंही आपलं कामच आहे. ऐच्छिक सदका मात्र धर्म न पाहता कोणाही गरजूला द्यावा.

पिकातला वाटा

शेतकऱ्याला जवळचा वाटावा असा आणखी एक हिशेब आहे, उश्रचा. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा हिस्सा गरिबांसाठी काढायचा. कोरडवाहू तूर दहा क्विंटल झाली तर एक क्विंटल. विहिरीच्या किंवा बोअरच्या मोटारीवर आलेली हळद वीस क्विंटल झाली तर एक क्विंटल. पाण्यावर ज्याचा पैसा आणि कष्ट गेला त्याला निम्मी सूट, हा हिशेब करणाऱ्याला शेती कळत होती हे नक्की. भारतातल्या जमिनीवर उश्र लागू होतो की नाही, याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. तेव्हा आपल्या मौलवींना विचारा. पण सुगीत रास घरी नेण्याआधी बलुतेदारांचा वाटा काढणारे आपण लोक. ही रीत आपल्या मातीला परकी नाही.

रोजा आणि हळदीची वाफ

शेवटच्या दहा दिवसांत रात्रीची तरावीह, जागरण आणि पहाटेची सहेरी यांमुळे झोप पुरी होत नाही. त्यात पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. शेतमालकांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, कामाच्या वेळा थोड्या बदलाव्यात. काढणी आणि वेचणी सहेरीनंतर लगेच सुरू करून अकरापर्यंत आटोपावी. कुकर शक्यतो रात्री लावावा. काम तेवढंच होतं आणि मजुराचा जीव वाचतो.

आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. अशा थकलेल्या म्हाताऱ्याने, ज्याला पुढेही रोजा धरणं शक्य नाही, प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालावं. मधुमेहाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. उन्हात चक्कर आली, भान हरपू लागलं तर रोजा सोडून पाणी घ्यावं. जीव धोक्यात घालायला धर्म सांगत नाही. त्या दिवसाचा रोजा नंतर भरून काढता येतो. आशाताईंकडे ओआरएसची पाकिटं मिळतात. भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा आणि १०८ ला फोन लावा.

घरातल्या बाईकडेही पाहा. ती सहेरीसाठी सर्वांच्या आधी उठते, दिवसभर हळद वेचते, संध्याकाळी इफ्तार मांडते, आणि रोजा तिलाही असतो. या दहा दिवसांत पाण्याची घागर पुरुषाने उचलली तर तिलाही घटकाभर निवांत इबादत करता येईल.

गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी चार गोष्टी पाहाव्यात. नळाला पाणी सोडण्याची वेळ नमाजाच्या किंवा इफ्तारच्या वेळी येऊ देऊ नये. मशिदीकडच्या रस्त्यावरचे दिवे पाच विषम रात्री तरी चालू असावेत. ईदगाहची झाडलोट सत्ताविसाव्या रोजापर्यंत व्हावी, कारण ईद चाँदवर ठरते आणि रोजे एकोणतीसच होऊ शकतात. पाडवा, रामनवमी आणि ईद जवळजवळ आले तर शांतता समितीची बैठक आधीच घ्यावी.

आणि मालक मंडळींनो, मार्चअखेरीस बँकेत गर्दी असते आणि मोंढ्यात लिलाव काही दिवस बंद राहतात. पट्टी आली की मजुरी देतो असं म्हणाल तर मजुराची ईद कोरडी जाईल. त्याची मजुरी बाजाराच्या आधी मोकळी करा. ती काही खैरात नाही, त्याच्या घामाचा पैसा आहे.

तेव्हा आज संध्याकाळी रोजा सुटल्यावर वही काढा. घरातली माणसं मोजा, कोणाचं देणं बाकी आहे ते लिहा, गल्लीतलं कोणतं घर अडचणीत आहे ते आठवा आणि पुढचा बाजार कोणत्या वारी आहे ते पाहा. एवढं बाजाराच्या आदल्या दिवशी मिटलं, तर शब-ए-कद्रला हात उचलताना मनही मोकळं असेल.