ब्रोनिस्लाव ह्युबरमन : एका व्हायोलिनवादकाचें जीवितकार्य

वादकाचें चरित्र म्हटलें कीं आपण सामान्यतः तीन गोष्टी विचारतों. गुरु कोण, रियाज किती आणि मैफली कोठें कोठें गाजल्या? एवढें कळलें म्हणजे आपली जिज्ञासा तृप्त होते. ब्रोनिस्लाव ह्युबरमन ह्या पोलिश व्हायोलिनवादकाचें चरित्र मात्र एवढ्यावर संपत नाहीं.

ह्युबरमनचा जन्म १८८२ सालीं पोलंडांतील चेंस्तोखोवा ह्या गांवीं एका ज्यू कुटुंबांत झाला. घरची स्थिति बेताची. परंतु मुलाचा हात असामान्य आहे हें लौकरच दिसून आलें. १८९२ सालीं त्याला बर्लिनला नेऊन त्या काळचे वादकश्रेष्ठ योआखिम यांच्यापुढें उभें करण्यांत आलें. पुढें १८९६ च्या जानेवारींत, वयाच्या तेराव्या वर्षीं, त्यानें व्हिएन्ना येथें ब्राम्सची व्हायोलिन व वाद्यवृंद यांसाठीं केलेली सुप्रसिद्ध रचना वाजविली. कसलेले वादकही जिला हात घालण्यास कचरत अशी ती रचना. आणि श्रोत्यांत खुद्द ब्राम्स बसलेला! मुलाचें वादन ऐकून त्या वृद्ध रचनाकाराला गहिंवरून आलें, असें चरित्रकार सांगतात.

बाल्यांत चमकलेले कित्येक कलावंत प्रौढपणीं मावळतात. ह्युबरमन मावळला नाहीं. पण पहिल्या महायुद्धानें त्याला अस्वस्थ केलें. कीर्तीच्या शिखरावर असतां तो पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठांत अध्ययनास बसला आणि युरोपांतील राष्ट्रांनीं वैर सोडून एक व्हावें, ह्या मताचा त्यानें हिरिरीनें पुरस्कार केला.

१९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली आणि त्या मताची कसोटी लागली. ज्यू वादकांना सरकारी वाद्यवृंदांतून काढून टाकण्यांत येऊं लागलें. बर्लिन फिल्हार्मोनिकचा संचालक फुर्टव्हेंग्लर यानें ह्युबरमनला वादनाचें निमंत्रण दिलें. कलेच्या द्वारें तुटलेला दुवा सांधतां येईल अशी त्याची आशा होती. ह्युबरमननें नकार दिला आणि तो वृत्तपत्रांतून जाहीरही केला. आपल्या एकट्याचें स्वागत झाल्यानें इतरांवरील अन्याय धुऊन निघत नाहीं, ही त्याची भूमिका होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपला गवई वा सतारिया तंबोरा आणि तबला यांच्या साथीवर मैफल पुरी करतो. पाश्चात्य संगीतांत तसें नाहीं. ह्युबरमनसारखा एकलवादक पेटी उचलून कोणत्याही देशीं जाऊं शकत होता; परंतु वाद्यवृंदांत हॉर्न किंवा बासून वाजविणारा मनुष्य एकटा जाऊन काय करणार? त्याची कला साठसत्तर जणांच्या संगतींतच जिवंत राहते. म्हणून अशा वादकांना वांचवावयाचें तर केवळ वर्गणी पुरेशी नव्हती. त्यांच्यासाठीं सबंध वाद्यवृंदच उभा करणें अवश्य होतें.

तेंच काम ह्युबरमननें शिरावर घेतलें. वाद्यवृंदासाठीं त्यानें पॅलेस्टाईन निवडलें. तो देश त्या वेळीं ब्रिटिशांच्या अंमलाखालीं होता आणि तेथें वसावयास जाण्याचे परवाने मर्यादित होते. ह्युबरमननें परवान्यांसाठीं खटपट केली, अमेरिकेंत वादन करून निधि जमविला. स्वतः हौसेनें व्हायोलिन वाजविणाऱ्या आइन्स्टाइननेंही ह्या कामीं हातभार लावला. सर्वांत कठीण काम निवडीचें होतें. युरोपांतील निरनिराळ्या शहरीं वादकांची परीक्षा घेण्यांत आली. वाद्यवृंद उत्तम दर्जाचाच असला पाहिजे, हा ह्युबरमनचा आग्रह. त्यामुळें जो उत्तीर्ण होई त्याला नोकरी आणि कुटुंबासह देशांतराची वाट मिळे. जो होत नसे तो मागें राही. आणि मागें राहणाऱ्यांच्या कपाळीं काय लिहिलें होतें, हें त्या वेळीं कोणालाही पुरतें ठाऊक नव्हतें.

२६ डिसेंबर १९३६ रोजीं तेल अवीव येथें ह्या वाद्यवृंदाचा पहिला जलसा झाला. संचालनास इटलीहून तोस्कानीनी आला आणि त्यानें मोबदला घेतला नाहीं. कार्यक्रमांत जर्मनींत बहिष्कृत झालेल्या मेंडेल्सोनचें संगीतही होतें. एकलवादन मात्र नव्हतें. ज्यानें हें सर्व घडविलें त्याचें व्हायोलिन त्या रात्रीं मुकें राहिलें.

त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून त्याचें १७१३ सालचें स्ट्राडिव्हारी व्हायोलिन चोरीस गेलें. तें त्याच्या हयातींत सांपडलेंच नाहीं. १९३७ सालीं सुमात्रा बेटांत विमानाला अपघात होऊन त्याचा डावा हात जायबंदी झाला. वादकाला याहून मोठी आपत्ति ती कोणती? तरी चिकाटीनें त्यानें बोटें पुन्हां वळतीं केलीं आणि पुढील वर्षीं तो व्यासपीठावर उभा राहिला. १९४७ सालीं स्वित्झर्लंडमध्यें त्याचें देहावसान झालें.

त्याचा वाद्यवृंद १९४८ पासून इस्रायल फिल्हार्मोनिक ह्या नांवानें ओळखला जातो. मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहता यांचे चिरंजीव झुबीन मेहता यांनीं १९७७ पासून २०१९ पर्यंत त्याचें संगीतसंचालकपद भूषविलें. कलावंताची कीर्ति ही त्याची खासगी मालमत्ता आहे काय, ह्या प्रश्नाला ह्युबरमननें व्याख्यान देऊन उत्तर दिलें नाहीं. आपली कीर्ति त्यानें ज्यांचें नांव कोणालाच माहीत नव्हतें अशा वादकांसाठीं खर्च केली, आणि तेंच त्याचें उत्तर होय.