वर्गातील तास व वॉर्डातील तास : परिचारिकांच्या तीन शिक्षणक्रमांची तुलना

रुग्णालयात गणवेशात वावरणारी प्रत्येक परिचारिका सर्वसामान्य माणसाच्या लेखी केवळ ‘सिस्टर’ असते. ती कोणत्या शाळेतून आली, वॉर्डात किती रात्री जागली, पहिले इंजेक्शन तिने कोणाच्या देखरेखीखाली दिले, हे रुग्ण विचारीत नाही, व विचारावे असे त्याला सुचतही नाही. परंतु बारावीनंतर या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थिनीपुढे आपल्या देशात तीन निरनिराळे मार्ग असतात : साहाय्यक परिचारिका-प्रसाविका (एएनएम), सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या (जीएनएम) आणि परिचर्येतील पदवी (बी. एस्‌सी. नर्सिंग). या तिन्ही मार्गांत पुस्तके बरीचशी सारखीच असतात. खरा भेद आहे तो विद्यार्थिनीला रुग्णाजवळ कोठे, किती काळ व कोणत्या अपेक्षेने उभे केले जाते, यात.

हा भेद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सन 1860 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेथील उमेदवार मुली वॉर्डात काम करीत करीतच शिकत. ही पद्धत जगभर पसरली, आणि तिच्याबरोबर एक जुना घोटाळाही पसरला. शिकणारी मुलगी ही विद्यार्थिनी की रुग्णालयाची स्वस्त कामगार, हा प्रश्न पुढील शंभर वर्षे सुटला नाही. अमेरिकेत 1923 साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने यावरच बोट ठेवले होते : वॉर्डातील कामाची गरज व शिक्षणाची गरज यांत विरोध आला की शिक्षण मागे पडते, असा त्याचा निष्कर्ष होता.

भारतापुढील अडचण निराळी होती. येथे शिकवावे कसे यापेक्षा माणसे आणावी कोठून, हीच विवंचना मोठी होती. 1946 साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने देशात सुमारे सात हजारच परिचारिका असल्याचे, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक असे प्रमाण असल्याचे दाखविले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हे प्रमाण तीनशे लोकांमागे एक असे होते. या दारिद्र्यातून बाहेर पडण्यासाठी देशाने एकाच वेळी दोन दिशांना पावले टाकली. 1946 मध्येच दिल्ली व वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले. पुढे 1950 च्या दशकाच्या आरंभी खेड्यांसाठी अल्प मुदतीचा साहाय्यक परिचारिकांचा शिक्षणक्रम निघाला. या दोहोंच्या मध्ये रुग्णालयांच्या जुन्या शाळा होत्याच. 1947 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेकडे या सर्वांचे किमान निकष ठरविण्याचे काम आले.

साहाय्यक परिचारिकेचा शिक्षणक्रम मुळात दोन वर्षांचा होता. 1977 मध्ये तो दीड वर्षावर आणला गेला व आता पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे. त्यांतील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. या विद्यार्थिनीचे शिक्षण रुग्णालयापुरते मर्यादित नसते. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, लसीकरणाचा दिवस, गरोदर स्त्रियांची नोंदवही व घरोघरच्या भेटी हा तिच्या अभ्यासाचा गाभा होय. तिच्याकडून अपेक्षा असते ती एकटीने उभे राहण्याची. सपाट प्रदेशात पाच हजार व डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा सरकारी मापदंड आहे, आणि तेथे तिच्या हाकेच्या अंतरावर डॉक्टर असेलच असे नाही. म्हणून अतिरक्तस्राव ओळखणे व वेळेवर रुग्णेला पुढे पाठविणे, ही दोन कौशल्ये तिच्यासाठी यंत्रांच्या ज्ञानापेक्षा मोलाची ठरतात.

सामान्य परिचर्येचा शिक्षणक्रम काही काळ साडेतीन वर्षांचा होता. 2015 च्या सुधारणेने तो तीन वर्षांचा झाला. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलीला यात प्रवेश मिळू शकतो. येथे रुग्णालय हेच खरे विद्यालय असते. मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, शस्त्रक्रियागृह असे वॉर्ड पाळीपाळीने बदलत जातात व तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात विद्यार्थिनी जवळजवळ पूर्ण ड्यूटी करू लागते. अशा शाळेतून आलेल्या मुलीचा हात बसलेला असतो, असे अनेक जुन्या मेट्रन सांगतात व त्यात तथ्य आहे. मात्र हात बसणे व कारण समजणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतातच असे नाही.

पदवीच्या शिक्षणक्रमास भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. तो चार वर्षांचा आहे. 2021 च्या नियमांनी त्याची आठ सत्रांत विभागणी केली व श्रेयांकांची पद्धत आणली. या पद्धतीतील हिशेब पाहण्याजोगा आहे. वर्गातील व्याख्यानांचा एक श्रेयांक वीस तासांचा. प्रयोगशाळेतील सरावाचा एक श्रेयांक चाळीस तासांचा. आणि रुग्णाजवळच्या कामाचा एक श्रेयांक ऐंशी तासांचा. आठवड्याला चाळीस तास धरले, तर वॉर्डातील दोन पूर्ण आठवडे म्हणजे एक श्रेयांक झाला. गुणपत्रिकेवर सारखे दिसणारे हे अंक तासांत मोजले तर एकास चार या प्रमाणात भिन्न आहेत. त्यामुळे केवळ श्रेयांकांची बेरीज पाहून एखादा शिक्षणक्रम ‘पुस्तकी’ आहे असे ठरविणाऱ्याची फसगत होईल.

आठव्या सत्रात बावीस आठवड्यांची आंतरवासिता असते. तीत आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, संध्याकाळच्या, रात्रीच्या व सुटीच्या दिवसांच्या पाळ्यांसह काम करावे लागते. म्हणजे एका सत्रात एक हजार छप्पन्न तास झाले. शिवाय व्याख्यानांना ऐंशी टक्के उपस्थिती चालते, परंतु प्रात्यक्षिकांची शंभर टक्के भरल्यावाचून पदवी मिळत नाही. तापाने चुकलेली आठ दिवसांची ड्यूटी नंतर भरून द्यावीच लागते. प्रवेश घेताना ही अट फारसे कोणी वाचीत नाही.

तासांबरोबर मोजणी येते. प्रसूतिविद्येची केस-बुक हे याचे उत्तम उदाहरण आहे. पदवीच्या पूर्वीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने तीस गर्भवतींची तपासणी, वीस स्वाभाविक प्रसूती व नवजाताला श्वास सुरू करून देण्याचे पाच प्रसंग स्वतःच्या हाताने पार पाडावेत, अशी अपेक्षा होती. प्रसूती तर कोणाच्या वेळापत्रकाने होत नाहीत. एका टेबलाभोवती दहा मुली उभ्या असतील, तर एकीचा हात लागतो व नऊजणी पाहतात. वहीत मात्र दहाही नोंदी सारख्याच अक्षरांत उमटू शकतात. ही लबाडी मुलींची आहे असे मानणे सोपे आहे. वस्तुतः रुग्णांच्या मानाने विद्यार्थी अधिक घेतले गेले की ती अटळच होते.

म्हणूनच परिषदेने विद्यार्थ्यांबरोबर खाटांचाही हिशेब मागितला आहे. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि खाटांपैकी किमान पंचाहत्तर टक्के भरलेल्या, असे हे निकष आहेत. यांतील शेवटचा निकष सर्वांत बोलका आहे, कारण रिकाम्या खाटेजवळ कोणीही काही शिकत नाही. ज्या संस्थेचे स्वतःचे रुग्णालय लहान असते, तिच्या विद्यार्थिनी बसने दूरच्या सरकारी रुग्णालयात जातात. तेथे आणखी दोन-तीन संस्थांच्या मुली आधीच आलेल्या असतात. अशा वेळी त्यांच्या बरोबर त्यांचा स्वतःचा शिक्षक वॉर्डात थांबतो की बसबरोबर परत जातो, यावर त्या दिवसाचे शिक्षण अवलंबून राहते. वॉर्डातील सिस्टरला पन्नास रुग्ण सांभाळून शिकविण्यास सवड कोठून मिळणार?

इतर देशांकडे पाहिले तर मोजमापाचे किती निरनिराळे मार्ग आहेत, हे ध्यानात येते. युरोपीय संघाच्या नियमाने परिचारिकेस एकूण 4600 तासांचे शिक्षण आवश्यक असून त्यांपैकी किमान निम्मे रुग्णसेवेत घालवावे लागतात. ब्रिटनमध्येही 2300 तासांची प्रात्यक्षिके ठरलेली आहेत. ऑस्ट्रेलियात किमान आठशे तास पुरेसे मानतात. अमेरिकेत तर सर्व देशासाठी एकच आकडा नाही. आठशे व तेवीसशे यांतील अंतर पाहून ऑस्ट्रेलियातील परिचारिका कच्च्या असतात असे कोणी म्हणत नाही. यावरून तासांची संख्या हे शिक्षणाचे एक माप आहे, एकमेव नव्हे, एवढे तरी निश्चित होते.

ब्रिटनने आणखी एक गोष्ट केली. 1989 पासून अमलात आलेल्या ‘प्रोजेक्ट 2000’ या सुधारणेने विद्यार्थिनीला वॉर्डाच्या मनुष्यबळाच्या मोजणीतून बाहेर काढले. पाळीवर किती माणसे आहेत हे मोजताना तिला धरावयाचे नाही, असा तेथील दंडक आहे. यामुळे नव्या परिचारिकांचा हात कच्चा राहतो, अशी तक्रार तेथेही झाली व आजही ऐकू येते. तरी नाइटिंगेलच्या काळापासून चालत आलेल्या घोटाळ्याला याहून सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्या देशाने दिल्याचे आढळत नाही. आपल्याकडे मात्र आंतरवासितेतील विद्यार्थिनी म्हणजे रात्रपाळीची एक परिचारिका, असे गृहीत धरून तक्ता लावला जाण्याची सवय मोडलेली नाही.

रुग्ण अपुरे पडतात तेथे पुतळ्यांवर व कृत्रिम प्रसंगांवर सराव करून घेण्याचा उपाय पुढे आला आहे. अमेरिकेत दहा संस्थांतील विद्यार्थ्यांवर केलेल्या व 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वॉर्डातील निम्म्यापर्यंतचे तास अशा सरावाने भरून काढले तरी ज्ञानात व कौशल्यात उणेपणा आला नाही, असे दिसले. ब्रिटननेही 2023 मध्ये 2300 पैकी सहाशे तासांपर्यंत याला मुभा दिली. परंतु या अभ्यासातील सराव उत्तम साधने व त्यासाठी खास तयार केलेले शिक्षक यांच्या हातून झाला होता. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या व तपासणीच्या दिवशीच बाहेर येणाऱ्या पुतळ्याला हा निष्कर्ष लागू पडत नाही.

मग विद्यार्थिनीने निवड करावी कशी? जीएनएम व पदवी या दोन्ही मार्गांनी नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका हीच नोंदणी मिळते. साहाय्यक परिचारिकेची नोंद स्वतंत्र असते. जीएनएम झालेल्या परिचारिकेस पुढे दोन वर्षांच्या शिक्षणाने पदवी घेता येते, तेव्हा पहिली पायरी निवडली म्हणून वरचा रस्ता बंद होत नाही. प्रवेशापूर्वी पालक बहुधा वसतिगृह व शुल्क यांची चौकशी करतात. त्याच भेटीत त्यांनी रुग्णालयाच्या मुख्य वॉर्डातून एक फेरी मारावी, भरलेल्या खाटा मोजाव्यात, आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला तिने स्वतःच्या हाताने किती प्रसूती केल्या व त्या वेळी शेजारी कोण उभे होते, हे विचारावे.