घरचा संगणक : डिस्प्ले येत नाही तेव्हा

डिस्प्ले येत नाही म्हटल्यावर पहिला संशय जातो मॉनिटरवर, आणि तोच उचलून दुकानात नेला जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की मॉनिटर जागचा हलवण्याआधी तो खरंच बिघडलाय का, हे घरीच ठरवा. त्यासाठी एकही हत्यार लागत नाही.

मॉनिटरच्या कडेचा छोटा दिवा पाहा. तो लागतच नसेल, तर एक्स्टेन्शन बोर्डचं बटण, मागची सैल पिन आणि ॲडॉप्टर तपासा. दिवा लुकलुकतोय किंवा नारिंगी झालाय? बहुतेक मॉनिटरांत याचा अर्थ, वीज मिळतेय पण सीपीयूकडून चित्र येत नाही.

आता मॉनिटर चालू ठेवूनच चित्राची वायर मागून काढा. मग ती एचडीएमआय असो की जुनी, निळ्या टोकाची व्हीजीए. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा ‘केबल तपासा’ अशा अर्थाची अक्षरं उमटली, तर पडदा आणि त्यामागचा उजेड दोन्ही शाबूत आहेत. दोष वायरीत, सोर्सच्या निवडीत किंवा सीपीयूत शोधायचा. मॉनिटरच्या बटणाने योग्य सोर्स निवडा, जमल्यास दुसरी वायर लावून पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्या कार्डालाच हवी. साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या जोडणीत जाते आणि सगळं धड असूनही पडदा काळा राहतो.

पंखा फिरतोय पण चित्र नाही, किंवा बीप ऐकू येताहेत, तर रॅमकडे वळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर धरतो आणि संपर्क तुटतो. प्लग काढा, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. मगच खाचेच्या टोकाची खिटी उघडून रॅम काढा. पट्ट्यांवर खोडरबर फिरवायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती फारशी पसंत नाही, कारण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. कोरड्या मऊ कापडाने पुसणं बरं. रॅम परत बसवताना खिटीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

कंपनीचं चिन्ह दिसून मग पडदा काळा होत असेल, तर वायरीच्या मागे लागू नका. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दिवा नेहमीसारखा लागलाय, आवाजही येतोय, पण पडदा काळाच? अंधारात टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर मागचा उजेड गेला आहे. हे काम कारागिराचं.

मॉनिटर किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. दुरुस्तीवाल्याला फोन कराल तेव्हा दिव्याचा रंग, वायर काढल्यावर काय दिसलं आणि बीप किती वाजले, एवढं नक्की सांगा.