ख्रिस्ती शाळा कशाने ख्रिस्ती होते? लेखांक पाचवा : उघड्या दाराआडची प्रार्थना

मागील लेखांकी आपण १८५४ च्या वुडच्या खलित्यापाशी थांबलो होतो. त्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा केला, आणि ते अनुदान केवळ लौकिक विषयांच्या अध्यापनाकडे पाहून मिळावे, धर्मशिक्षणाच्या तासाशी सरकारी तपासनिसाने कर्तव्य ठेवू नये, असा दंडक घालून दिला. याचा एक परिणाम असा झाला, की मिशनरी शाळेचे ख्रिस्तीपण त्या एका तासात साठवलेले असते आणि तेवढा तास वगळला तर बाकीची शाळा इतर कोणत्याही शाळेसारखीच असते, अशी समजूत शाळेच्या चालकांची आणि विरोधकांचीही होऊन बसली. ही समजूत कितपत खरी, हे पाहावयाचे तर जिच्या वेळापत्रकात तो तास मुळी नव्हताच, अशी शाळा तपासून पाहिली पाहिजे. ती शाळा म्हणजे पंडिता रमाबाईंचे शारदासदन.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या, पुढे अमेरिकेत फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केलेल्या रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत हे सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. खर्चाचा भार दहा वर्षे उचलण्याची हमी बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दिली होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर होते, आणि करार असा होता, की उच्चवर्णीय बालविधवांना येथे आपापले सोवळे-ओवळे पाळण्याची पूर्ण मुभा राहील व कोणत्याही मुलीस धर्मोपदेश केला जाणार नाही. रमाबाईंनी हा करार पाळला. मात्र स्वतःच्या खोलीत कन्या मनोरमेसह त्या सकाळी प्रार्थनेस बसत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. आणि कोणी मुलगी आपखुशीने येऊन बसली, तर तिला उठवून लावणे हा आपल्या कराराचा भाग आहे, असे त्यांना वाटत नव्हते.

या उघड्या दारावरून जे रण माजले, त्याची हकीकत सर्वश्रुत आहे. ‘केसरी’ने झोड उठविली, १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक पालक मुलींना घरी घेऊन गेले. परंतु त्याच सुमारास उलट्या दिशेनेही तक्रार चालू होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डाइन, जिला रमाबाई धर्ममाता मानीत, तिच्या मते हे सदन पुरेसे ख्रिस्ती नव्हते. जेथे ख्रिस्ताचे नाव शिकविण्याची मनाई स्वतःहून स्वीकारली आहे, ती शाळा म्हणजे श्रद्धेशी केलेली तडजोड. एकाच शाळेस पुण्याने अति ख्रिस्ती ठरवावे आणि वाँटेजने अपुरी ख्रिस्ती ठरवावी, या योगायोगात मला मोठा अर्थ दिसतो. दोन्ही पक्ष शाळेचे ख्रिस्तीपण उपदेशाच्या मापाने मोजत होते. मापाबद्दल त्यांचे एकमत होते, वाद होता तो केवळ वजनाबद्दल.

रमाबाईंचे माप निराळे असावे. शिक्षक जे मानतो ते वर्गाबाहेर खुंटीला टांगून ठेवून आत शिरू शकत नाही, म्हणून दार लावून घेणे हे त्यांना ढोंग वाटले असते. आणि विद्यार्थिनी ही धर्मांतराच्या हिशेबातील जमेची बाब नव्हे, म्हणून तिला हाताला धरून आत ओढणे हा अन्याय वाटला असता. पुण्याच्या पालकांची भीती मात्र मी निराधार म्हणणार नाही. ज्या घरात विधवेला कोणी प्रेमाने जेवू घालीत नाही, तेथून आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला माया करणाऱ्या बाईचे उघडे दार हे नुसते दार राहत नाही. प्रेमाचाही एक दाब असतो.

हा दाब पुढे केडगावला अधिकच जाणवतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, त्याही जात न विचारता. म्हणजे शारदासदनाने पाळलेली वर्णाची मर्यादा भुकेने एका फटक्यात पुसून टाकली. त्यांच्यासाठी केडगावला उभे राहिलेले मुक्तिसदन उघड उघड ख्रिस्ती होते. शेती, विणकाम, छपाई मुली शिकल्या, अंध मुलींना वाचन शिकविले गेले. ख्रिस्ती शिक्षणाचा हा अंश, की जिला कोणी विद्यार्थिनीच समजत नाही तिच्यासाठी आधी पाटी आणावी, येथे सर्वात प्रखर दिसतो. पण शारदासदनातील मुलीला परत नेणारा बाप तरी होता. केडगावच्या अनाथ मुलीला परत कोठे जावयाचे होते? दार उघडे असण्याला अर्थ येतो तो बाहेर जाण्याची वाट असेल तर. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने अनुदानित शाळेत अज्ञान मुलाच्या धर्मशिक्षणास पालकाची संमती आवश्यक ठरविली, तेव्हाही पालकच नसलेल्या मुलाचा प्रश्न काही अंशी उरलाच.

केडगावच्या छापखान्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळविलेल्या या बाईने हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर मुद्दाम साध्या बोलीत केले आणि ते आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी जुळविलेल्या खिळ्यांनी छापविले. तत्समांचा सोस न सुटलेल्या प्रस्तुत लेखकाने येथे थोडे ओशाळावे हेच बरे. धर्मग्रंथ वाचणाऱ्याच्या भाषेत असावा, एवढे म्हणून त्या थांबल्या नाहीत. वाचणारीलाच त्याची अक्षरे जुळवावयास शिकविले.

शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक बालविधवा गोदूबाई. सदन उघडल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे वादळाच्याच वर्षी, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. पंडिताबाईंच्या सहवासात ती वर्षानुवर्षे राहिली आणि हिंदूच राहिली. १८९६ साली कर्व्यांनी हिंदू विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्यासाठी दारोदार वर्गणी मागत हिंडणाऱ्यांत आनंदीबाई झालेली हीच गोदूबाई होती.