राणीला मारू नका, डॉक्टरांकडे न्या

सकाळी उठून पाहावं तर राणीची सतरंजी ओली! एकदा झालं, दोनदा झालं. आठवडाभर रोजच होऊ लागलं तेव्हा माझा पारा चढला. राणी ही आमची कुत्री, वय पाच वर्षे. पिल्लं नकोत म्हणून दोन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन केलेलं. घरात कधी घाण करायची नाही. सकाळची शाळा, मुलांचे डबे, नळाची वेळ आणि त्यात हे धुणं! एके दिवशी मी तिला दोन धपाटे घातले. बिचारी भेदरून पलंगाखाली बसली. "देऊन टाकू कुणाला तरी," इथपर्यंत घरात बोलणं गेलं.

सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, झोपेत होतंय तिला. जागेपणी करते का कधी?"

जनावरांच्या डॉक्टरांनीही नेमकं हेच विचारलं! मग त्यांनी समजावून सांगितलं. या ऑपरेशनमध्ये कुत्रीचे बीजकोश काढतात. त्यामुळे शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि काही कुत्र्यांमध्ये मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू सैल पडतात. झोपेत शरीर ढिलं झालं की लघवी आपोआप गळते. हा त्रास ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही सुरू होतो. मोठ्या आकाराच्या जातींत जास्त. लघवी तपासून जंतुसंसर्ग, मधुमेह वगैरे नाही ना, हे आधी पाहावं लागतं. नंतर औषधाने बहुतेकींना चांगला आराम पडतो. मात्र ते पुष्कळ दिवस द्यावं लागतं.

तुमच्याकडेही असं घडलं तर एवढं लक्षात ठेवा. पाणी मुळीच तोडू नका. झोपण्यापूर्वी बाहेर फिरवून आणा. अंथरुणाखाली रबरी कापड घाला आणि तिचं अंग पुसून कोरडं ठेवा, नाहीतर कातडी लाल होते. आपल्या घरातली गोळी मनाने देऊ नका.

ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर गोष्ट वेगळी. भूल आणि दुखणं यांमुळे पहिली लघवी उशिरा होते. सलाईन दिलं असेल तर जास्तही होते. पण 24 तासांत झालीच नाही, कुंथूनही होत नसेल किंवा रक्त दिसलं, तर वाट पाहू नका. नर कुत्र्याची भिंतीला तंगडी वर करण्याची सवय ऑपरेशननंतर पुष्कळदा कमी होते. पण त्याला काही आठवडे लागतात, आणि प्रत्येकाची जातेच असंही नाही.

म्हणून ऑपरेशनच नको, असं मात्र म्हणू नका हं! कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार त्यामुळे टळतो.

आता राणीची सतरंजी कोरडी असते. परवा तिला गोळी देताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "शिंकलं-खोकलं की मलाही होतं गं असं. सांगायचं कुणाला?" मी चकितच झाले! किती वर्षं त्या गप्प होत्या कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यावरही व्यायाम आहेत, उपचार आहेत. मैत्रिणींनो, राणीला बोलता येत नव्हतं. आपल्याला येतं ना?